कडेचे ठिपके

चोडणात वीज जाते तेव्हा आधी पंखा थांबतो,
मग मोडेमचा हिरवा डोळा.
पूर्वी मी घाबरायचो.
आठ खिडक्या, आठांत अर्धवट आज्ञा,
सगळं एका झटक्यात बुडायचं
आणि कुठल्या फोल्डरात काय करत होतो
हे आठवण्यात सकाळ जायची.

आता काम इथं नसतंच.
ते कुठल्याशा थंड खोलीत, भाड्याच्या यंत्रावर चालू असतं.
मी नुसती दोरी बांधतो, दोरी सोडतो,
रायबंदरच्या फेरीवरचा खलाशी सोडतो तशी,
न बघता :
कंट्रोल, बी, डी.
धक्का मागे राहतो. धक्क्याला काही होत नाही.

हे मला रेमी कुलासोनं शिकवलं.
एका कामाला एक सेशन, म्हणायचा,
आणि नाव दे, पात्रांव,
शून्य, एक, दोन हे आकडे कैद्यांना असतात.
म्हणून 'काजू' : डिचोलीच्या कारखान्यातली गोणपाटं, वजनं, ओल.
म्हणून 'दवाखाना' : म्हापशातल्या डॉक्टरणीची टोकनं,
ज्यांत चौदा नंबर दोनदा येतो, अजूनही.
आणि 'भरती'.
ते आमचं दोघांचं. त्याचे पैसे कुणीच देणार नव्हतं.

आमच्या खाजनात पुरसो मानस राखतो.
भरती चढली की पाण्याच्या रेट्यानं दारं मिटतात,
ओहोटीला आपसूक उघडतात,
तरी हा रात्री दीडला बॅटरी घेऊन बांधावर.
आपोआप चालतं, तर तू कशाला जातोस?
"चलता तें पळोवंक," म्हणाला,
आणि दाराच्या फटीतून एक काटकी काढली.
त्याला आधी रात्री फोनवर वेळ कळावी,
एवढंच 'भरती' करणार होतं.

मग रेमीशी भांडण झालं. कशावरून ते आता सांगताही येत नाही,
बहुतेक एका स्वल्पविरामावरून.
त्यानं पासपोर्ट बदलला, स्विंडनला गेला,
वखारीत रात्रपाळीला खोकी मोजतो म्हणे.
तीन पावसाळे झाले.
मी त्याची चावी काढली नाही,
'भरती' मारलं नाही.
आळस म्हणा.

आज पहाटे साडेपाच. वीज नाही, मोबाइलच्या डेटावर
यादी मागवली :
काजू.
दवाखाना.
भरती, जोडलेले.

मी तर कुठूनच जोडलेलो नव्हतो.

आत गेलो, आणि माझा पडदा आक्रसला.
उजवीकडे ठिपके, खाली ठिपके,
ओसाड, पांढुरके,
पाणी ओसरल्यावर चिखलात खेकड्यांची बिळं दिसतात तसे.
नियम आहे : एका सेशनमध्ये दोघे असले
तर ज्याची खिडकी लहान
त्याच्या मापात दोघांनी राहायचं.
मोजलं. बावन्न अक्षरं रुंद.
म्हणजे फोन. म्हणजे आडवा धरलेला.
म्हणजे तिकडे रात्रीचा एक, आणि जेवायची वीस मिनिटं.

कर्सर एकच होता, आम्हा दोघांचा,
ऑक्टोबरच्या ओळीवर लुकलुकत.
मी हात मागे घेतला.
मग एक खूण टाइप केली, जी ओळ यंत्र वाचत नाही,
फक्त माणसं वाचतात :
# पदेर आयलो?

बराच वेळ काही नाही.
मग एकेक अक्षर, अंगठ्यानं लिहिल्यासारखं :
# हांगा पदेर ना
आणि लगेच, माझ्या डोळ्यांदेखत,
ऑक्टोबरची चुकलेली वेळ बारा मिनिटं मागे सरकली.
स्वल्पविराम होता तिथंच राहिला.

ठिपके गेले.
पडदा पुन्हा अख्खा माझा झाला,
एवढा रुंद की त्यात काय लिहावं कळेना.

बाहेर पदेराचा भोंगा वाजला.
सायकल मानशीच्या वळणावर असावी.
मी पाव घ्यायला उठलो,
सेशन तसंच ठेवून,
खिडकी मात्र कोपरा धरून
जरा लहान करून.